पुलावरचा पहारेकरी आणि पंख्याखालची खुर्ची

छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते आणि तिसऱ्या दिवशी भज्यांभोवती गुंडाळून आपल्याच हातात परत येते. न छापलेल्या गोष्टींचं तसं नाही. त्या वार्ताहराच्या अंगावर साचत जातात. म्हातारपणी माणूस किश्श्यांचं गोदाम होऊन बसतो, आणि या गोदामाला कुलूपही नसतं!

माझं गोदाम परवा एका नव्या पत्रकाराने उघडलं. मला म्हणतो, "सर, तुमच्या वेळी कॉम्प्युटर वगैरे काही नसेल ना?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अहो महाराज, तुमच्या जन्माआधी आम्ही कॉम्प्युटरवर साप हाकललाय! एसटीतून हाकललाय!"

तो हळूच उठून गेला. म्हातारा सरकला, असं त्याने बाहेर सांगितल्याचं मला कळलंय. म्हणून हे लिहितो आहे. रागात लिहितो आहे, हेही आधीच सांगून ठेवतो.

*

नव्वद सालच्या आगेमागे घाटाखालच्या आमच्या तालुक्याच्या गावी, आमच्या दैनिकाच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. तोवर सगळं काम छपाईचे शिशाचे खिळे एकेक जुळवून चालायचं. काकाजी म्हणजे आमचे मालक आणि संपादक. त्यांनी यंत्रासाठी वेगळी खोली काढली, खिडकीला कूलर लावला, दाराला पडदा लावला. घाटाखालचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला सांगायला नको. वार्ताहर बाहेर घामाने निथळायचे आणि आत ते यंत्र गारव्यात बसायचं. मी काकाजींना म्हणालो, "माणसांनाही कूलर लावा." ते म्हणाले, "माणूस बिघडला तर अकोल्याहून मेकॅनिक नाही बोलवावा लागत!"

यंत्रावर सुमनताई बसायच्या. टायपिंगच्या सगळ्या परीक्षा पास, आणि आवाज असा की छपाईचं मशीन सुरू असतानाही स्वच्छ ऐकू यावा. त्यांचा एकच नियम होता. चपला बाहेर!

एकदा एक पुढारी माझ्या बातमीवर भडकून आले. "कुठे आहे तो वार्ताहर?" म्हणत सरळ पडद्याकडे निघाले. सुमनताई आतून गरजल्या, "बूट काढा आधी!" पुढाऱ्यांनी काढले. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. ते अंगठ्याकडे पाहत उभे राहिले, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बातमी तशी चांगली होती, भाऊ." अंगठा बाहेर आलेला माणूस फार वेळ ओरडू शकत नाही!

*

आता खुर्चीचं सांगतो, कारण सगळी भानगड तिच्यापायी झाली.

आमच्या नगरपालिकेच्या सभागृहात पत्रकारांसाठी भिंतीलगत खुर्च्यांची एक ओळ होती आणि त्या बाजूला पंखा एकच होता. त्याच्या बरोबर खाली येणारी खुर्चीही एकच. ती माझी! तिथे वारा यायचा, बाकीच्यांना नुसता पंख्याचा आवाज यायचा.

या खुर्चीवर शरीफभाईंचा डोळा. शरीफभाई दुसऱ्या दैनिकाचे वार्ताहर. दिवसा माझे कट्टर शत्रू आणि संध्याकाळी आमच्याच कचेरीत चहाला. बोलणं असं गोड की समोरचा स्वतःहून बातमी देऊन वर पानही खिलवायचा. ते दर सभेला माझ्या आधी पोचायचा प्रयत्न करायचे. मी एकदा खुर्चीला रुमाल बांधून ठेवला, तर त्यांनी रुमाल सोडून सभा सुरू होताना सगळ्यांसमोर मला परत केला. "भाऊ, तुमचा रुमाल कोणी तरी खुर्चीले बांधला होता. लोकं किती खराब आहेत पाहा!"

बाहेर सगळ्यांना सांगायचे, "या गावात नगराध्यक्ष बदलून राह्यले, पार्ट्या बदलून राह्यल्या. या मानसाची खुर्ची काही बदलून नाही राह्यली!"

*

कॉम्प्युटर बसवून देणारा अकोल्याचा मेकॅनिक जाताना एक फ्लॉपी देऊन गेला. "इंग्रजी टायपिंगची सवय व्हावी म्हणून," असं काकाजींना सांगून. त्या फ्लॉपीत एक खेळ होता. चित्रं नाहीत, काही नाही. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. तुम्ही एका विहिरीच्या तळाशी उभे आहात, हातात दिवा आहे, डावीकडे भुयार आहे, पुढे काय करता ते सांगा. आपण उत्तर टाइप करायचं की खेळ पुढे सरकतो. शेवटी कुठे तरी राजाचा खजिना. नाव लांबलचक होतं. आम्ही सगळे त्याला "भुयार" म्हणायचो.

पहिल्याच पानावर मजकूर होता. सुमनताईंनी तो मोठ्याने वाचला आणि मी मराठी करून सांगितला: 'हा खेळ फुकट खेळा. कॉपी करून मित्रांना वाटा. आवडला, तरच लेखकाला पैसे पाठवा.'

काकाजी खुर्चीतून उठलेच! "आवडला तरच? आणि हा मानूस जगते कसा?"

मी म्हटलं, "काकाजी, आपले वर्गणीदार दुसरं काय करतात?"

काकाजी खाली बसले. मग म्हणाले, "आपलेवाले तर आवडल्यावरही नाही पाठवत."

*

पहिल्या दिवशी भुयारात एक बंद दार लागलं. शरीफभाई, काकाजी, सगळे मागे उभे. मी बाह्या सारल्या आणि इंग्रजीत टाइप केलं: 'मी वृत्तपत्राचा प्रतिनिधी आहे. दार ताबडतोब उघडा.'

उत्तर आलं: 'वृत्तपत्र हा शब्द मला माहीत नाही.'

मी पेटलो! लिहिलं: 'तुम्ही जनतेला उत्तर द्यायला बांधील आहात.'

'जनता हा शब्द मला माहीत नाही.'

"तहसीलमधला दिसून राह्यला," शरीफभाई म्हणाले. मला बाजूला सारून त्यांनी टाइप केलं: 'कृपा करून दार उघडावे ही नम्र विनंती.' यंत्राला कृपा माहीत नव्हती, नम्रही माहीत नव्हतं.

शेवटी सुमनताईंनी सूचना वाचून काढल्या. या खेळाला एका वेळी जास्तीत जास्त दोनच शब्द कळतात. दार उघड. दिवा घे. पुढे जा. बस!

काकाजींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, उद्यापासून बातम्या यालेच देत जा."

*

पैज लागली ती त्याच आठवड्यात. भुयार पार करून जो पहिला खजिन्याशी पोचेल, त्याची पंख्याखालची खुर्ची. कायमची! पंच सुमनताई, कारण त्यांच्याशी भांडायची दोघांचीही छाती नव्हती. एक संध्याकाळ माझी, एक शरीफभाईंची. प्रत्येकाची फ्लॉपी वेगळी, त्यावर ज्याचा त्याचा खेळ जिथल्या तिथे राखून ठेवलेला.

हे ठरत होतं तेव्हा कोपऱ्यात गजूभाऊ बसले होते. गजूभाऊ आमचे सोनाळ्याचे वार्ताहर, सातपुड्याच्या पायथ्याशी शेती सांभाळून बातम्या पाठवायचे. कचेरीत क्वचितच यायचे. ते एकदम म्हणाले, "मी पण आहे बरं पैजेत."

आम्ही हसलो. "गजूभाऊ, तुम्ही सोनाळ्याला. खेळणार कसे?"

"बातमी कशी पाठवतो? एसटीनं. तसाच खेळीन!"

तेव्हाची पद्धत सांगतो. गावोगावचे वार्ताहर बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे, आमचा माणूस स्टँडवरून घेऊन यायचा. तर गजूभाऊंचा खेळ असा सुरू झाला. सकाळच्या गाडीने त्यांची चाल यायची, सुमनताई ती तिसऱ्या फ्लॉपीवर खेळायच्या, यंत्राचं उत्तर चिठ्ठीवर लिहायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत पाठवायच्या. 'भुयारात साप आहे' हे कळायला गजूभाऊंना आख्खा आठवडा लागला. शरीफभाई म्हणाले, "या हिशोबानं हे खजिन्यापाशी पोचतीन तवा आपले नातू म्हातारे झाले राहतीन!"

*

सापाने तिघांनाही अडवलं. माझी दिव्याने मारामारी चालली होती. साप चावायचा आणि खेळ पहिल्यापासून. गजूभाऊंची चाल आली: 'सापाले दूध पाजा.'

सुमनताईंनी खेळून चिठ्ठी पाठवली: 'तुमच्याजवळ दूध नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने पाकीट आलं आणि पाकिटासोबत फडक्याने तोंड बांधलेली कासंडी आली. आत चिठ्ठी: 'दूध पाठवून राह्यलो. म्हशीचं आहे.'

आम्ही चाट! हा माणूस थट्टा करतो आहे की खरंच पाठवतो आहे, हे मला आजतागायत कळलेलं नाही. सुमनताईंनी चहा टाकला. सापाच्या वाट्याचं दूध शरीफभाई दोन कप प्यायले आणि म्हणाले, "सापाले सांगा, सोनाळ्याची म्हैस चांगली आहे."

*

पण साप हलला तो वरवट बकालमुळे!

सोनाळ्याचं पाकीट वरवट बकालला गाडी बदलायचं. मधला वेळ ते स्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात पडून असायचं. एके दिवशी पाकीट उघडलं तर गजूभाऊंच्या अक्षराखाली दुसरंच अक्षर. 'दूध कायले पाजता? साप आहे का जावई? काठी घ्या. — वरवट बकाल.' त्याखाली तिसरं अक्षर: 'काठी दारामागं असते. आमच्या घरी तिथंच असते.' आणि सगळ्यात खाली शिसपेन्सिलीने, 'दिवा विझू देऊ नका. — कंडक्टर.'

सुमनताई दारापाशी परत गेल्या. दारामागे पाहिलं. काठी होती! काठी दाखवताच साप भुयारातून निघून गेला.

मी आणि शरीफभाईंनीही मुकाट्याने आपापल्या फ्लॉपीवर दारामागे पाहिलं. त्यानंतर संध्याकाळची परतीची चिठ्ठी सोनाळ्याला पोचायची तेव्हा चुरगळून पापड झालेली असायची. वाटेत किती हातांनी वाचली, देव जाणे! कंडक्टर तर आमच्या माणसाला स्टँडवर आधी हेच विचारायचा, "काय बे, भुयाराचं काय झालं?"

*

मग तो दिवस उजाडला. सुमनताई लग्नाला मोताळ्याला गेल्या होत्या. त्यांच्या जागी एक दिवसासाठी जो गृहस्थ बसवला होता, त्याला भुयाराची भानगड कोणी सांगितली नव्हती. त्याने सोनाळ्याचं पाकीट उघडलं आणि त्यातलं सगळं इमानदारीने बातम्यांत लावलं. सकाळी अंकात ठळक छापून आलं:

'सोनाळा (वार्ताहर): विहिरीतून खाली उतरल्यावर भुयार असून त्यातील साप निघून गेला आहे. मात्र पुढे पुलावर एक पहारेकरी उभा असून तो कोणासही जाऊ देत नाही. त्यामुळे खोळंबा होत आहे. तरी त्याचा बंदोबस्त व्हावा.'

काकाजींनी अंक वाचला आणि डोक्याला हात लावून बसले. माफी छापावी की गप्प बसावं, यावर चर्चा चालू होती, तेवढ्यात एका सरकारी कचेरीचा शिपाई खुलासा घेऊन आला. सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. मजकूर एकाच ओळीचा: 'सदर पूल या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.'

आता सांगा, मी गप्प बसणारा माणूस आहे? दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर माझा मथळा होता:

'मग पूल कोणाचा?'

*

पहारेकरी मात्र खरोखरच हलेना. पूल ओलांडला की खजिना! तिघांचाही खेळ तिथेच अडला आणि मे महिन्याची सभा जवळ आली.

मी त्याला मारलं. त्याने मला पुलाखाली फेकलं. मी ओरडलो. 'पहारेकरी ऐकत नाही.' मी पुन्हा ओरडलो. सुमनताई म्हणाल्या, "भाऊ, टाइप करा. तोंडानं ओरडून त्याले ऐकू नाही जात."

शरीफभाईंनी गोडीने घेतलं. त्याला नमस्कार केला. त्याला मिठी मारली. त्याचा मुका घ्यायला निघाले तेव्हा सुमनताईंनी प्लग काढला! दुसऱ्या खेपेला त्यांनी वाटेत सापडलेलं नाणं त्याला दिलं. पहारेकऱ्याने नाणं घेतलं. आम्ही श्वास रोखून पाहतोय. पडद्यावर आलं: 'पहारेकरी आभार मानतो. तो तुम्हाला जाऊ देत नाही.'

शरीफभाईंचा चेहरा उतरला. "भाऊ, हा बाहेरचा मानूस आहे. आपल्याकडचा घेतल्यावर काम तरी करते!"

*

सभेच्या आदल्या दिवशी सोनाळ्याचं पाकीट आलं. शरीफभाई आणि मी दोघेही तिथेच होतो. सुमनताईंनी मोठ्याने वाचलं:

'ताई, काहीच करू नका. त्याच्यासमोर बसून राहा. मी तालुक्याले सातबाऱ्यासाठी जातो तवा हेच करतो. मारून होत नाही, गोड बोलून होत नाही. बाकड्यावर बसून राहायचं. साहेब जेवाले जातेच.'

मी हसलो. "हा काय खेळ आहे? बसून राहा म्हणे! लढायचं सोडून?"

सुमनताईंनी टाइप केलं: 'थांबा.'

'वेळ जातो.'

पुन्हा थांबा. 'वेळ जातो.' पुन्हा. 'पहारेकरी तुमच्याकडे पाहतो.' पुन्हा. शरीफभाई म्हणाले, "ताई, सोडा आता, चहा टाका." ताईंनी सोडलं नाही. त्यांची बोटं चाललेली आणि नजर पडद्यावर.

'पहारेकरी जांभई देतो.'

मी खुर्ची पुढे ओढली. शरीफभाईंनी माझा दंड धरला. त्यांची माझी दोस्ती इतकी कधीच झाली नव्हती!

'पहारेकऱ्याला भूक लागली आहे. तो भाला भिंतीला टेकवून निघून जातो.'

सुमनताईंनी दोन शब्द टाइप केले, पुढे जा, आणि हिरव्या अक्षरांत राजाचा खजिना चमकू लागला. खालोखाल अभिनंदन, आणि पुन्हा एकदा लेखकाची आठवण: आवडला असेल तर.

काकाजी दाराच्या पडद्यातून डोकावून म्हणाले, "कोण जिंकलं?"

"सोनाळा," सुमनताई म्हणाल्या. "भाऊ, उद्या भिंतीले टेकून बसा. शरीफभाई, तुमी पण." आणि संध्याकाळच्या गाडीने चिठ्ठी रवाना केली. तिघांच्या पैजेच्या कागदावर सही केली होती आम्ही. नाही म्हणायची सोय नव्हती.

*

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेची सभा. विषय पाणीटंचाईचा, त्यामुळे सभागृह खचाखच. बाहेर डांबर वितळत होतं. मी आणि शरीफभाई भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी बसलो. दोघांच्याही सदऱ्यांचा रंग घामाने बदललेला. पंख्याखालची खुर्ची रिकामी. दोघांपैकी एकानेही तिच्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं आणि दोघेही तिच्याकडेच पाहत होतो.

"नाही आले तर?" शरीफभाई कानात म्हणाले.

"नाही आले तर ती माझी."

"काऊन? तुम्ही काय जिंकले?"

तेवढ्यात गजूभाऊ आले. कडक इस्त्रीचा सदरा, कपाळाला गंध, गळ्यात दुपट्टा. मागे तो कंडक्टर! ड्यूटी संपवून खास पाहायला आला होता, दाराशी उभा राहिला. गजूभाऊंनी सभागृहाला हात जोडले, नवरदेवासारखे सावकाश चालत आले आणि खुर्चीत बसले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून. नगराध्यक्ष बोलायचे थांबून पाहू लागले.

पंखा गरगर फिरत होता. वारा गजूभाऊंच्या केसांत, सदऱ्यात, दुपट्ट्यात शिरत होता. आमच्यापर्यंत नुसता आवाज येत होता.

गजूभाऊंनी वर पाहिलं. दुपट्टा कानांभोवती गुंडाळला. पुन्हा वर पाहिलं. मग भिंतीजवळच्या शिपायाला हाक मारली, "ओ भाऊ, तो पंखा बंद करा ना जरा. मले वाऱ्यानं सर्दी होते."

शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी शरीफभाईंकडे पाहिलं. शरीफभाईंनी, आयुष्यात पहिल्यांदाच, तोंड उघडलं आणि त्यातून एकही गोड शब्द बाहेर आला नाही.

नगराध्यक्षांनी माईक जवळ घेतला. म्हणाले, "पत्रकारांची अशी एकच मागणी आहे जी आपण आजच्या आज पूर्ण करू शकतो. बंद करा पंखा!"